यॉर्कला चॉकलेट शिकायला जाण्याआधी घरी एक वडी करा

यॉर्कला चॉकलेट शिकायला जायचं असेल, तर आधी घरी एक वडी करून बघा. बिघडली तरी चालेल, नव्हे, पहिली बिघडलेलीच बरी. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं. लीड्सला राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात यॉर्क गाठलं, संग्रहालय बघितलं, फोटो काढले, पिशवीभर चॉकलेटं घेतली आणि परतले. आठवडाभराने कुणी विचारलं असतं की काय शिकलीस, तर दोन-चार सनावळ्या सोडून काही सांगता आलं नसतं. मग घरी कोकोच्या बिया भाजल्या, पाखडल्या, दळल्या, टेंपरिंग (म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला तापवून-निववून गोठवणं) तीनदा फसलं. त्यानंतर पुन्हा गेले, तेव्हा तेच शहर वेगळं दिसलं. म्हणून या लेखाचा क्रम आधी स्वयंपाकघर आणि मग शहर असा आहे.

यॉर्क इंग्लंडच्या उत्तर भागात आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने साधारण दोन तास, लीड्सहून अर्ध्या तासाच्या आत. किटकॅट, एरो, स्मार्टीज, पोलो, टेरीजचं संत्र्याच्या आकाराचं चॉकलेट ऑरेंज हे सगळं या एका शहरातलं. आपल्याला मात्र 'कॅडबरी' हाच चॉकलेटसाठीचा शब्द. मी ठाण्याची, कॅडबरी जंक्शनला बस बदलत मोठी झालेली. कॅडबरी बर्मिंगहॅमचे, फ्राय ब्रिस्टलचे आणि राउनट्री यॉर्कचे. इंग्लंडच्या चॉकलेटधंद्यातली ही तिन्ही मोठी घराणी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, एकमेकांची स्पर्धक आणि एकमेकांना ओळखणारी. बर्मिंगहॅमचा कारखाना मोठा करणारा जॉर्ज कॅडबरी तरुणपणी यॉर्कमध्ये राउनट्रींच्या किराणा दुकानात उमेदवारी करून गेला होता. त्या दुकानाचा रस्ता आपल्या वाटेत येणारच आहे.

आधी वेष्टन वाचायला शिका

पहिली पायरी फुकट आहे. घरात असेल ते चॉकलेट उलटं करून घटकपदार्थ वाचा. कोको बटर लिहिलंय की वनस्पती तेल, एवढंच आधी शोधा. कोकोच्या बीत निम्म्याहून जास्त वजन स्निग्धांशाचं असतं, तेच कोको बटर. ते महाग असतं आणि नीट हाताळावं लागतं, म्हणून ते काढून त्याजागी दुसरं तेल घालतात. त्याला आपल्याकडे बाजारात कंपाउंड म्हणतात.

दिवाळीत घरी चॉकलेटं करणाऱ्या बायका क्रॉफर्ड मार्केटातून ज्या मोठ्या लाद्या आणतात, त्या बहुतेक कंपाउंडच्या. माझी मावशी गेली कित्येक वर्षं अशी चॉकलेटं करून विकते. मी बिया दळायला घेतल्या तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अगं, लादी वितळव, साच्यात ओत, फ्रीजमध्ये ठेव. यात शिकायचं काय आहे एवढं?" तिचं खरंच आहे, कंपाउंडला टेंपरिंग लागत नाही आणि मुंबईच्या उकाड्यात ते टिकतंही बरं. मी तिला एवढंच म्हटलं, "मावशी, तू एकदा कोको बटरवालं चॉकलेट तसंच वितळवून ओत आणि मला सांग." दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, वड्यांवर राखाडी ढग आले होते आणि त्या साच्यातून सुटेनात. चॉकलेटचं शिक्षण सुरू होतं ते इथून.

टेंपरिंग: खरी परीक्षा

बियांपासून सुरुवात करायचा मोह टाळा. आधी विकतचं चांगलं डार्क चॉकलेट घ्या, अर्धा किलो, ज्यात वनस्पती तेल नाही असं. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर हवाच, त्यात काटकसर नको. अंदाजाने टेंपरिंग करणारे लोक आहेत, पण त्यांनी आधी हजार वेळा थर्मामीटरने केलेलं असतं.

कोको बटर गोठताना त्याचे सहा वेगवेगळ्या रचनांचे स्फटिक होऊ शकतात. त्यातला एकच, पाचव्या क्रमांकाचा, आपल्याला हवा असतो. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, म्हणजे हातात टिकतो आणि तोंडात विरघळतो. बाकीचे स्फटिक झाले की वडी मऊ, निस्तेज आणि डागाळलेली होते. टेंपरिंग म्हणजे नको ते स्फटिक वितळवून टाकायचे आणि हवे तेवढेच वाढू द्यायचे.

सगळ्यात सोपी रीत अशी. चॉकलेट बारीक चिरून त्याचे तीन भाग करा. दोन भाग गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवा, ४५ ते ५० अंशांपर्यंत. भांडं उतरवा, त्याचं बूड कोरड्या फडक्याने पुसा आणि उरलेला तिसरा भाग मूठमूठ घालत ढवळत राहा. ही मूठ म्हणजे विरजण समजा. तिच्यात योग्य स्फटिक आधीच तयार आहेत, ते बाकीच्याला तसंच लागायला लावतात. तापमान ३१-३२ अंशांवर आलं की थांबा, न वितळलेले तुकडे काढून टाका. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०.

मग सुरीचं टोक त्यात बुडवून ओट्यावर ठेवा. खोली वीस-बावीस अंशांची असेल तर पाच मिनिटांच्या आत ते चकचकीत घट्ट व्हायला हवं. झालं नाही, तर अजून थोडं ढवळा. रेघा दिसल्या, तर पुन्हा ४५ पर्यंत नेऊन पहिल्यापासून सुरू करा. चॉकलेट वाया जात नाही, वेळ जातो.

पाण्याचं मात्र फार सांभाळा. वाफेचा एक थेंब भांड्यात पडला तरी चॉकलेट आवळून घट्ट, रवाळ लगदा होतो, कारण त्यातली कोरडी साखर त्या थेंबाभोवती गोळा होते. तसं झालं तर ते साच्यासाठी गेलंच. त्यात गरम साय किंवा क्रीम घाला आणि लाडवांसारखे गोळे वळा, चवीला उत्तम लागतात. आणि महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात हे काम एसी खोलीतच करा. हवेतला दमटपणा थंड वडीवर बसतो, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट खरखरीत थर उरतो. वडी फ्रीजमध्ये ठेवावीच लागली तर हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

ओतून झाल्यावर साचा ओट्यावर पाच-सहा वेळा आपटा, म्हणजे बुडबुडे वर येतात. नीट टेंपर झालेलं चॉकलेट गोठताना किंचित आकसतं. साचा उलटा केला की वडी आपण होऊन खाली पडते, अगदी वाळलेली साबुदाण्याची पापडी प्लास्टिकवरून सुटते तशी. ती मोडली की 'टक्' असा आवाज येतो. हा आवाज लक्षात ठेवा, यॉर्कमध्ये तो पुन्हा भेटेल.

बियांपासून वडी

आता बिया. भारतात कोको मुख्यतः केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात होतो, बहुतेक नारळी-पोफळीच्या सावलीत. विकत घेताना एकच प्रश्न विचारा, बिया आंबवून वाळवलेल्या आहेत का? फळ फोडल्यावर पांढऱ्या गरासकट बिया पाच-सात दिवस ढीग करून आंबवतात. चॉकलेटची चव तिथेच जन्मते, न आंबवलेल्या बीतून जगातला कुठलाही कारागीर ती काढू शकत नाही.

आलेल्या पिशवीतून दहा-वीस बिया घ्या आणि धारदार सुरीने उभ्या चिरा. आत तपकिरी रंग आणि मेंदूसारख्या भेगा असतील तर माल चांगला. जांभळा रंग म्हणजे आंबवणं अर्धवट, थोड्या चालतात. पाटीसारखा करडा आणि घट्ट असेल तर आंबवलेलंच नाही, परत पाठवा. हे मी पहिल्या खेपेला केलं नाही आणि एक किलो कडूजहर चॉकलेट महिनाभर खात बसले.

भाजणं. खडे, काड्या, चिकटलेल्या बिया निवडून काढा. कच्च्या बियांवर जंतू असतात, म्हणून त्यांना लागलेले हात आणि ताटं भाजलेल्या मालाला लावू नका. ओव्हन १४० अंशांवर, बिया एका थरात, वीस ते पंचवीस मिनिटं, मधे दोनदा हलवा. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत मंद आचेवर शेंगदाणे भाजतो तसं, पण हात थांबू द्यायचा नाही. आधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, डोळ्यांना झोंबतो. मग तो मावळतो, लाह्या फुटाव्यात तसे टपटप आवाज येतात आणि घरभर केक भाजल्यासारखा वास सुटतो. तिथेच उतरवा. जळकट वासाची वाट पाहू नका. लगेच ताटात पसरून पंख्याखाली गार करा.

फोडणं आणि पाखडणं. याबाबतीत आपण नशीबवान आहोत. इंग्लंडमधले हौशी लोक या पायरीला केस वाळवायचं यंत्र आणि खोल भांडं घेऊन झटतात. आपल्याकडे सूप आहे. बिया लाटण्याने जाडसर फोडा, सुपात घ्या आणि गच्चीत किंवा टेबलफॅनसमोर पाखडा. हलकी फोलपटं उडतात, जड कण्या मागे राहतात. माझं सूप आईने ठाण्याहून सामानात दिलेलं, तेव्हा मी ते न्यायला तयार नव्हते. एक किलो बियांतून साधारण पाऊण किलो कण्या मिळतात. फोलपटं बागेत घालणार असाल तर कुत्र्यांपासून सांभाळा, त्यातलं थिओब्रोमिन त्यांना विषारी असतं.

दळणं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत कोको ज्या दगडावर वाटत, त्या मेटाटेचं चित्र बघाल तर पाटा-वरवंटाच वाटेल. आज मात्र जगभरातले छोटे चॉकलेटवाले जे यंत्र वापरतात, ते आपल्या इडली-डोशाच्या टेबलटॉप ग्राइंडरचं सुधारलेलं रूप आहे. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या लक्षात आलं की ग्रॅनाइटच्या पाट्यावर ग्रॅनाइटचे रोळे फिरवणारा हा दक्षिण भारतीय ग्राइंडर कोको अप्रतिम दळतो. मग तमिळनाडूतल्या कारखानदारांनी जास्त ताकदीची मोटर घालून चॉकलेटसाठी वेगळे ग्राइंडर काढले. इडलीचा साधा ग्राइंडर चोवीस तास फिरवायला बनवलेला नसतो, म्हणून शक्य असेल तर चॉकलेटचाच घ्या. एकदा कोकोला वापरलेल्या यंत्रात पीठ वाटायचं नाही.

सत्तर टक्क्यांच्या वडीसाठी ७०० ग्रॅम कण्या आणि ३०० ग्रॅम साखर. कण्या आधी मिक्सरमध्ये भरड करा आणि थोड्या कोमट करून घ्या. ग्राइंडर सुरू करून अर्ध्या तासात मूठमूठ घाला, सगळं एकदम ओतलंत तर रोळे अडकतात. सुरुवातीला ते तिळकुटासारखं कोरडं दिसतं. मग त्यातलं बटर सुटायला लागतं आणि पाण्याचा थेंब न घालता ते वाहायला लागतं. पहिल्यांदा हे बघताना मी स्टूल ओढून समोर बसले होते.

दोन-तीन तासांनी साखर घाला, ती घरी मिक्सरमध्ये केलेली. विकतच्या पिठीसाखरेत बरेचदा कॉर्नफ्लोअर असतं. गूळ घालायचा मोह प्रत्येक मराठी माणसाला होतो, पण गुळात ओल असते आणि वर सांगितलेला लगदा होतो. दुधाचं चॉकलेट हवं असेल तर दूध नाही, दुधाची पावडर. मग निदान चोवीस तास फिरू द्या, मधूनमधून झाकण उघडं ठेवा म्हणजे आंबट वाफ निघून जाते. जिभेला कण लागेनासे झाले की झालं, म्हणजे ते साधारण २० ते २५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आलेले असतात. वीज गेली आणि दगडांभोवती सगळं गोठलं तर जबरदस्तीने चालू करू नका, भांडं कोमट ओव्हनमध्ये ठेवून पूर्ण वितळवा आणि मग फिरवा.

तयार चॉकलेट डब्यात ओतून दोन आठवडे मुरू द्या आणि मग टेंपर करा. चव लोणच्यासारखीच बसते.

आता यॉर्क

इथे एक गोष्ट डोक्यात ठेवून चालायचं. आपण घरी एका किलोसाठी जे केलं, ते या शहराने टनावारी आणि रोज कसं केलं, आणि ते करणाऱ्या माणसांचं काय केलं? दोन दिवस हाताशी ठेवा. यॉर्कमध्ये रस्त्याच्या नावातलं 'गेट' म्हणजे रस्ता, आणि तटाच्या वेशीला 'बार' म्हणतात, एवढं कळलं की नकाशा सोपा होतो.

स्टेशनवरून लेंडल पुलाकडे निघा. पुलाच्या अलीकडे नदीकाठी टॅनर्स मोट आहे. हेन्री आयझॅक राउनट्री याने १८६२ मध्ये ट्यूक घराण्याचा कोकोचा धंदा विकत घेतला आणि १८६४ मध्ये इथल्या जुन्या इमारतींत कारखाना हलवला. धंदा बुडायला लागला तेव्हा १८६९ मध्ये मोठा भाऊ जोसेफ मदतीला आला. आज इथे त्या कारखान्याचं काही उरलेलं नाही, तरी नदी बघा. ऊज नदीतून हल या शहराच्या बंदरातला माल यॉर्कपर्यंत येत असे. हा माल म्हणजे परदेशातून आलेला कोको आणि साखर. नंतर रेल्वे आली. क्वेकर लोकांना इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारं एकोणिसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत बंद होती, म्हणून हुशार मुलं व्यापारात उतरली. दारूला पर्याय म्हणून कोको विकणं त्यांच्या श्रद्धेत बसत होतं.

पूल ओलांडला की सेंट हेलेन्स चौक. एका देखण्या इमारतीच्या दर्शनी भागावर टेरी हे नाव अजून वाचता येतं. टेरींच्या धंद्याची मुळं १७६७ मध्ये बूदम बारजवळ निघालेल्या मिठाईच्या दुकानात आहेत. जोसेफ टेरी हा औषधविक्रेता होता, लग्नाच्या नात्याने तो या धंद्यात आला. औषधं बनवणारे लोकच साखरेचे पाक आणि गोळ्या करायचे, त्यामुळे यात नवल नाही.

पुढे स्टोनगेटने किंग्ज स्क्वेअरला या. इथे २०१२ पासून 'यॉर्क्स चॉकलेट स्टोरी' आहे. मार्गदर्शकाबरोबर फिरायचं असतं, चव घ्यायला मिळते, स्वतःचं एक चॉकलेट सजवता येतं. मुलं बरोबर असतील तर सकाळची वेळ आधी आरक्षित करा, शनिवारी जागा मिळत नाही. मार्गदर्शकाला बेधडक प्रश्न विचारा. मी टेंपरिंगबद्दल विचारलं तेव्हा माझ्यासाठी तिने वेळ काढून उत्तर दिलं, कारण प्रश्न हात भाजून आलेला होता.

तिथून शॅम्बल्सच्या गल्लीतून पेव्हमेंट या रस्त्यावर. राउनट्रींचं किराणा दुकान १८२२ पासून इथे होतं. जॉर्ज कॅडबरी शिकला ते हेच. शेजारच्या फॉसगेटवर मर्चंट अॅडव्हेंचरर्स हॉल आहे, चौदाव्या शतकातला लाकडी सभामंडप. इथे मात्र आत जाच. १७२५ मध्ये मेरी ट्यूक नावाच्या अविवाहित बाईने यॉर्कमध्ये किराणा दुकान काढलं, तेव्हा व्यापाऱ्यांच्या या संघाने परवाना नाही म्हणून तिच्यावर कारवाई केली. ती कित्येक वर्षं झगडली, दंड सोसला आणि दुकान चालवलंच. पुढे तिचा पुतण्या विल्यम ट्यूक धंद्यात आला. तोच धंदा राउनट्रींकडे गेला. म्हणजे किटकॅटची वंशावळ मागे नेत गेलात तर ती एका बाईच्या हट्टापाशी पोचते. शहरात पुतळे पुरुषांचे दिसतात, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे.

दुसरी बाई कॉपरगेटवर. मेरी अॅन क्रेव्हन १८६२ मध्ये विधवा झाली, पदरात लहान मुलं, आणि तिने नवऱ्याचा मिठाईचा धंदा हातात घेऊन शहरातला एक मोठा कारखाना केला. तो कारखाना हलल्यावर १९७६ ते १९८१ या काळात त्या जागी उत्खनन झालं आणि खाली हजार वर्षांपूर्वीचं व्हायकिंग यॉर्क सापडलं. आजचं योर्विक केंद्र तिथेच आहे.

जवळच कॅसल म्युझियममध्ये व्हिक्टोरियन काळाची एक अख्खी गल्ली उभी केली आहे. दमला असाल तर हे उद्यावर टाका. दुपारनंतर नदीकाठाने दक्षिणेला चाला, पंधरा-वीस मिनिटांत राउनट्री पार्क लागतं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कारखान्यातल्या कामगारांच्या स्मरणार्थ कंपनीने १९२१ मध्ये ते शहराला दिलं. इथे बाकावर बसून पुढचा पाठ करा. चॉकलेट ऑरेंज, किटकॅट, एरो आणि स्मार्टीज पिशवीतून काढा.

चॉकलेट ऑरेंज १९३२ चं. आपटल्यावर फोडी वेगळ्या होतात, ते साच्यातून नीट सुटलेल्या, नीट टेंपर झालेल्या चॉकलेटचं काम. किटकॅट १९३५ मध्ये 'चॉकलेट क्रिस्प' नावाने आलं, १९३७ मध्ये आजचं नाव मिळालं. ते मोडा, तोच 'टक्'. दुसऱ्या महायुद्धात दूध मिळेना तेव्हा ते डार्क चॉकलेटमध्ये करून निळ्या वेष्टनात विकलं गेलं. एरो १९३५ चं. आपण साचा आपटून बुडबुडे घालवतो, त्यांनी हवा भरून दाब कमी केला आणि बुडबुडे मुद्दाम फुगवले. आणि १९३७ च्या स्मार्टीज म्हणजे संक्रांतीचा हलवा. परातीत खसखशीवर पाक सोडत बोटांनी फिरवत राहतो, तेच फिरत्या पिंपात करायचं, फक्त काटा येऊ न देता. माझी आजी परातीखाली निखारे ठेवून हे करायची, म्हणून मला ते यंत्र समजावून घ्यावं लागलं नाही.

उद्यानातून बिशपथॉर्प रोडने पुढे गेलात की घोडदौडीच्या मैदानाजवळ टेरींच्या १९२६ च्या कारखान्याचा घड्याळाचा मनोरा दिसतो. कारखाना २००५ मध्ये बंद झाला, उत्पादन युरोपातल्या इतर देशांत गेलं आणि इमारतींत घरं झाली.

दुसरा दिवस

शहराच्या उत्तरेला हॅक्स्बी रोड. १८९० मध्ये जोसेफ राउनट्रीने इथे जागा घेतली. दवाखाना, दातांचा डॉक्टर, १९०६ मध्ये निवृत्तिवेतन, १९०९ मध्ये पोहण्याचा तलाव, १९३५ मध्ये नाट्यगृह, हे सगळं या रस्त्यावर उभं राहिलं. नाट्यगृह अजून चालू आहे. जुन्या कारखान्याचा एक भाग आता घरांसाठी वापरला आहे, पण शेजारी किटकॅट अजून बनतं. कंपनी १९८८ मध्ये स्विस नेस्लेने घेतली, तेव्हा यॉर्कचे लोक रस्त्यावर उतरले होते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात किटकॅट बनतं, ते याच वाटेने तिकडे पोचलं.

इथून उत्तरेला बसने न्यू इअर्सविकला जा. १९०२ पासून वसवलेलं हे गाव. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाड, आणि क्वेकर शिस्तीने दारूचा गुत्ता नाही. घरं बघताना जोसेफचा मुलगा सीबोम आठवा. त्याने १८९९ मध्ये यॉर्कच्या कामगारवस्तीत घरोघरी पाहणी करवली, ११,५६० कुटुंबांची. माणसाला नुसतं शरीर धडधाकट ठेवायला किती पैसे लागतात याचा हिशेब मांडला आणि १९०१ मध्ये छापून सांगितलं की शहरातले जवळजवळ २८ टक्के लोक गरिबीत आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारताची दारिद्र्यरेषा उष्मांकांवरून मांडली, ती याच जातीची मोजणी होती. चॉकलेट विकणाऱ्याच्या मुलाने स्वतःच्या गावाची भूक मोजावी, याचा मला फार आदर वाटतो.

पण दुसरी बाजूही घेऊनच निघा. त्या काळात या क्वेकर घराण्यांचा काही कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटांवरून यायचा. तिथले मजूर नावाला करारावरचे, प्रत्यक्षात गुलाम. हे कानावर आल्यावरही काही वर्षं खरेदी चालू राहिली, बहिष्कार जाहीर झाला तो १९०९ मध्ये. इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न संग्रहालयात विचारा.

खोलात जायचं असेल तर यॉर्क विद्यापीठातली बोर्थविक अभिलेखसंस्था गाठा. राउनट्री आणि टेरी दोघांचे कागद तिथे आहेत, आधी कळवून वेळ घेतलीत तर बघता येतात. टेरींचं घर गॉडर्ड्स आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, आणि नोएल टेरीने जमवलेलं जुनं फर्निचर कॅसलगेटवरच्या फेअरफॅक्स हाउसमध्ये.

कार्यशाळा निवडताना

शिकवणी वर्ग इंग्लंडमध्ये, मुंबईत, पुण्यात खूप निघालेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. टेंपरिंग प्रत्येकजण स्वतः करणार का? एका गटात माणसं किती? चॉकलेटमध्ये वनस्पती तेल आहे का? मी एकदा हे न विचारता बरेच पैसे भरले आणि दोन तास आधीच वितळवलेलं चॉकलेट साच्यात ओतून त्यावर रंगीत साखर भुरभुरवली. बियांपासूनचा वर्ग असेल तर दळण दाखवायला वेळ पुरत नाही हे गृहीत धरा, पण भाजणं आणि पाखडणं हाताने करायला मिळालंच पाहिजे.

घरून निघताना स्वतःच्या वडीचा एक तुकडा पुडीत बांधून न्या. राउनट्री पार्कच्या बाकावर बाकीच्या चौघांशेजारी तो ठेवा आणि सगळ्यात शेवटी खा, म्हणजे कारखान्याच्या साखरेखाली तुमच्या बियांची चव दडपणार नाही. हो, मधे पाणी पीत चला, थंड नको, कोमट. थंड पाण्याने जिभेवरचं कोको बटर गोठतं आणि पुढची चव कळत नाही.